वनस्पतिचित्रं लोकांना दाखवायची आहेत? आधी क्रम लावा

पावसाळा संपला की माझ्याकडे चित्र काढायला येणाऱ्यांपैकी दोघी-तिघी तरी ठरलेलं वाक्य बोलतात: "ताई, जरा हात बसू दे, मग दाखवेन." हात बसलेला असतो. वही भरलेली असते. पण उघडायची वेळ आली की ओढणी, पर्स, जे हाताशी असेल ते वहीवर येतं. याच्या उलट काही जणी चित्र वाळायच्या आत त्याचा पिवळट, तिरका फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. चार अंगठे आणि एक "व्वा" मिळतो, आणि मग सहा महिने ब्रश पाण्यात बुडत नाही.

दोघींनी मधली पायरी गाळलेली असते, ती म्हणजे तपासणीची. निसर्गचित्रात आभाळ जांभळं केलं तर ती तुमची मर्जी. वनस्पतिचित्रात मात्र पळसाला पाने तीनच. चार काढली की कोणीतरी बोट ठेवणारच, आणि पोटात गोळा येतो तो याच बोटाचा. पण जे मोजता येतं ते आधी आपणच मोजून ठेवता येतं. म्हणून धीर गोळा करत बसण्याऐवजी खालच्या क्रमाने कामाला लागा. रोज तासभर मिळाला तर सगळ्याला साधारण दोन महिने लागतात.

टप्पा १: गठ्ठा बाहेर काढा, सहा चित्रं निवडा

एक दुपार मोकळी ठेवा. गादीखाली, कपाटावर, जुन्या फाइलींत दडलेली सगळी चित्रं एकाच ठिकाणी आणा आणि तीन ढीग करा: दाखवण्याजोगी, दुरुस्तीजोगी, नुसत्या सरावाची. फाडायचं काहीही नाही. सरावाच्या ढिगातलं एखादं पान पुढे नेमकं उपयोगी पडतं.

ढीग करताना प्रत्येक चित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने, हात न दाबता, तीन गोष्टी लिहा: तारीख, ठिकाण, आणि चित्र जिवंत फांदीवरून काढलं की फोटोवरून. पेन नको. पावसाळ्यात दमट कागदावर शाई फुटते आणि पुढच्या बाजूला उमटते.

फोटोवरून काढलेली चित्रं वेगळी ठेवा. फोटो तुमचाच असेल तर प्रश्न नाही. इंटरनेटवरून उचललेला असेल तर त्यावर फोटो काढणाऱ्याचा हक्क असतो. एकतर त्याची लेखी परवानगी मागा, नाहीतर ते चित्र सरावाच्या ढिगात टाका. "कोणाला कळणार आहे" असं म्हणून पुढे नेलेलं चित्र दाखवताना मनात कायम धाकधूक राहते.

आता दाखवण्याजोग्या ढिगातून सहा चित्रं काढा. सगळ्यात सुंदर सहा निवडायची नाहीत, एका सूत्रात बसणारी निवडायची. पावसाळी रानभाज्या घ्या: टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळं, करटोली. किंवा सोसायटीच्या आवारातली झाडं, किंवा गणपतीच्या पत्री. लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या वनस्पतिचित्र प्रदर्शनातही एका विषयावरची सहा चित्रं मागतात. तुम्हाला तिथे जायचं नसेल, पण सहा हा आकडा सोयीचा आहे. एकच चित्र दाखवलं तर सगळा निकाल त्याच्यावर लागतो, आणि वीस दाखवली तर बघणारा दहाव्याला जांभई देतो.

तपासणी: सहाही चित्रं जमिनीवर मांडा आणि उभं राहून बघा. ज्या चित्रावरून तुमची नजर पुन्हा पुन्हा सरकते, ते बदला.

टप्पा २: चित्र नव्हे, झाड तपासा

सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्या. लोक नेमका हाच उडवतात, कारण तोवर रंगकाम पूर्ण झालेलं असतं आणि आता चूक सापडलेली नको असते.

माझीच गोष्ट सांगते. कळलावीवर मी तीन आठवडे घालवले होते. लाल-पिवळ्या पाकळ्यांच्या लाटा, मागे वळलेली टोकं, कडेचा पीळ, सगळं मनासारखं उतरलं होतं. एका निवृत्त वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा वर केला, मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, "फूल झकास आहे. पण ही वर चढणार कशी?" कळलावीच्या पानाचं टोक लांबून तणाव्यासारखं गुंडाळतं आणि आधार पकडतं. माझी सगळी पानं बांबूच्या पानांसारखी सरळ टोकाची होती. फुलाच्या नादात मी पानांकडे बघितलंच नव्हतं. जाताना पावलं जड झाली होती, पण येताना हलकी होती, कारण चूक एकच होती आणि तिला नाव होतं.

ताजी फांदी समोर ठेवून प्रत्येक चित्राला हे सहा प्रश्न विचारा. ऋतू संपला असेल तर स्वतः काढलेले जवळचे फोटो घ्या.

१. पानं समोरासमोर, एकाआड एक, की चक्रात? आघाडा, तुळस, रुई यांची समोरासमोर. जास्वंदीची एकाआड एक. कण्हेरीची एकेका पेरावर तीन-तीन. अर्ध्याहून जास्त चुका इथेच सापडतात, कारण पानं आठवणीने भरली जातात.

२. पान आहे की पर्णिका, म्हणजे मोठ्या पानाचा पानासारखाच दिसणारा एक भाग? पळस आणि बेल यांचं एक पान तीन पर्णिकांचं असतं. ओळखायची खूण सोपी: खऱ्या पानाच्या देठाच्या बेचक्यात डोळा, म्हणजे कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी नसते. पर्णिकेच्या बेचक्यात कळी काढली तर जाणकाराला ती लगेच टोचते.

३. पाकळ्या किती? ताम्हणीला बहुधा सहा, चुरगळलेल्या क्रेपसारख्या. कळलावीला सहा. जास्वंद, सदाफुली, तगर यांना पाच. बागेत डबल जास्वंद असते, डबल तगर असते. तुमच्यासमोर डबल असेल तर तीच काढा, पण खाली तसं लिहा.

४. पुंकेसर किती आणि कुठून निघतात? जास्वंदीत ते मधल्या नळीवर असतात आणि नळीच्या टोकाला स्त्रीकेसराचे पाच ठिपके. ताम्हणीत पुष्कळ असतात. तिथे मोजू नका, दाटी बरोबर दिसली की पुरे.

५. फूल कसं टांगलंय? गोकर्णाची मोठी पाकळी खालच्या अंगाला असते, वाटाण्याच्या फुलात ती वर असते. फूल तोडून टेबलावर ठेवलं की ही दिशा हरवते. तोडण्याआधी वेलीवरचा एक फोटो घेऊन ठेवा.

६. पीळ कोणत्या बाजूला? तगरीच्या पाकळ्या भिंगरीसारख्या एकाच दिशेला पीळ घेतात. ट्रेसिंग पेपरवरून चित्र उतरवताना कागद उलटा पडला की भिंगरी उलटी फिरते. ही चूक स्वतःला कधीच दिसत नाही. ट्रेसिंगच्या कोपऱ्यात "वर" असा एक शब्द लिहून ठेवायचा. अक्षर उलटं दिसलं की कागदही उलटा.

चुका सापडतील. सगळ्याच दुरुस्त करायच्या नसतात. राहिलेली गोष्ट (तणाव्याचं टोक, देठाच्या बुडाशी असणारं इवलं उपपर्ण, लव) बहुतेकदा वाढवता येते. जास्तीची गोष्ट काढणं अवघड. जलरंग ओलसर ब्रशने आणि टिपकागदाने थोडा उचलला जातो, पण तीन थर दिलेला गडद हिरवा पूर्ण जात नाही आणि खरवडलेला कागद लांबूनही दिसतो. अशा वेळी चित्र सरावाच्या ढिगात टाका आणि दुसरं निवडा. पाकळ्यांची संख्या चुकली असेल तर दुरुस्तीच्या फंदात पडूच नका.

आता नाव. "हे बहुतेक अमुक असावं" यावर भागवायचं नाही. पूर्ण झाड, पानाची खालची-वरची बाजू, फुलाचा समोरून आणि बाजूने, असे चार-पाच फोटो जमवून इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर किंवा ई-फ्लोरा ऑफ इंडियावर विचारता येतं. जवळच्या कॉलेजातला वनस्पतिशास्त्र विभागही चालेल. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. तिथे जायचं तर आधी पत्र किंवा ई-मेल करून वेळ घ्या, आणि एका वेळी एकच वनस्पती न्या.

शास्त्रीय नावं बदलतात, तेही बघा. जुन्या पुस्तकांत टाकळा कॅशिया टोरा म्हणून आहे, आता तो सेन्ना टोरा. सध्याचं नाव लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन या संकेतस्थळावर ताडून घेता येतं.

सावधान: मोबाइलच्या ओळख-अ‍ॅपने दिलेलं पहिलं नाव तसंच उचलू नका. सह्याद्रीतल्या तेरड्याच्या जाती किंवा फोडशीसारखी दिसणारी रोपं यांत ते सपशेल चुकू शकतं. प्रजातीची खात्री नसेल तर फक्त वंशाचं नाव (शास्त्रीय नावातला पहिला शब्द) लिहा आणि पुढे "प्रजाती निश्चित नाही" असं मोकळेपणी लिहा. त्यात कमीपणा नाही, शास्त्रज्ञही तेच करतात.

टप्पा ३: चित्राखालची ओळ

चित्र नुसतं पुढे केलं की बघणारा विचारतो, "हे काय आहे?" आणि उत्तर देताना आपली गडबड उडते. ओळ आधीच लिहिलेली असली की निम्मं बोलणं वाचतं. तिच्यात हे असावं: मराठी नाव, शास्त्रीय नाव, कुठे आणि कोणत्या महिन्यात काढलं, माध्यम, मोजपट्टी, सही.

मराठी नाव गावागणिक बदलतं. कळलावीला कुठे खड्यानाग म्हणतात, कुठे अग्निशिखा. तुमच्या भागातलं नाव आधी लिहा, बाकीची नंतर.

मोजपट्टी म्हणजे चित्राच्या कडेला आखलेली एक सेंटिमीटरची छोटी रेघ. अनेक जण "×२", म्हणजे खऱ्याच्या दुप्पट, असं लिहितात. मूळ कागदावर ते बरोबर असतं. पण तेच चित्र फोनवर बोटभर होतं, पोस्टरवर हातभर होतं, आणि "×२" खोटं ठरतं. रेघ चित्राबरोबरच लहान-मोठी होते, म्हणून ती कायम खरी राहते.

सहीबद्दल जरा जास्त बोलते, कारण लाजऱ्या चित्रकारांची सही पाठीमागे किंवा माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) लपलेली असते. पुण्याजवळ दापोडीला कंपनी सरकारची वनस्पती-बाग होती. तिथल्या झाडांची अप्रतिम चित्रं १८४७ ते १८५० च्या दरम्यान काढली गेली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. बागेचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांचं नाव आपल्याला माहीत आहे. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता, एवढंच कळतं. नाव नाही. तेव्हा सही करा, वर्ष घाला, आणि ती देठाच्या किंवा पानाच्या जवळ घ्या. कोपऱ्यातली सही कोणीही कापून टाकतो.

सावधान: दुर्मीळ वनस्पतीचं नेमकं ठिकाण लिहू नका. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती फक्त सह्याद्रीतल्या मोजक्या डोंगरांवर आहेत, आणि त्यांचे कंद उकरून नेणारे लोकही आहेत. "सातारा जिल्हा, सप्टेंबर" एवढं पुरे. सविस्तर ठिकाण पाठीमागच्या नोंदीत ठेवा, आणि त्या पाठीमागच्या नोंदीचा फोटो चुकूनही पुढे पाठवू नका. कासच्या पठारावर किंवा अभयारण्यात फूल तोडून काढलेलं चित्र तर दाखवायच्या यादीतच नको. तिथे फुलं तोडायला मनाई आहे.

टप्पा ४: फोटो किंवा स्कॅन

पांढऱ्या कागदावरचं नाजूक चित्र खराब फोटोत मरतं, आणि आपल्याला वाटतं चित्रच वाईट आहे. मी असा गैरसमज होऊन चित्र सोडून दिलेली माणसं पाहिली आहेत.

ढगाळ दिवशी, सकाळी दहा-अकराच्या सुमाराला, खिडकीजवळ चित्र सपाट ठेवा. ट्यूबलाइट आणि बल्ब बंद. दोन प्रकारचे उजेड मिसळले की कागद अर्धा निळा, अर्धा पिवळा येतो. फ्लॅश नको. फोन कागदाला समांतर धरा, थोडं लांब उभं राहा आणि दुप्पट झूम करा. फार जवळून घेतला की कागदाच्या कडा फुगतात. सावली पडत असेल तर समोरच्या बाजूला पांढरा थर्मोकोल उभा करा. नंतर एडिटमध्ये फक्त कागद पांढरा होईपर्यंत उजेड वाढवा. रंगांचा भडकपणा वाढवू नका. खऱ्या चित्रासमोर उभा राहिल्यावर बघणारा हिरमुसतो.

स्कॅन करायचं तर ३०० डीपीआय छपाईला पुरतं, मोठी प्रिंट हवी असेल तर ६००. पावसाळ्यात कागद पन्हाळीसारखा वाकलेला असतो आणि घरगुती पातळ स्कॅनरमध्ये काचेपासून उचललेला भाग धूसर येतो. आदल्या दिवशी कागद दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तकं ठेवा.

तपासणी: फोनची स्क्रीन आणि मूळ चित्र शेजारी धरा. हिरव्यात फरक असेल तर पुन्हा काढा. मूळ फाइल वेगळी जपून ठेवा, आणि पाठवायला लांब बाजू सुमारे १,५०० पिक्सेल असलेली छोटी प्रत बनवा.

टप्पा ५: पहिला प्रेक्षक एकच

इथे क्रम फार महत्त्वाचा. आधी झाड ओळखणारा माणूस, मग चित्र समजणारा, आणि घरचे सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. घरच्यांचा दोष नाही. त्यांना एकतर सगळंच छान वाटतं, नाहीतर "गॅसवर दूध आहे, नंतर बघते" असं होतं. त्यांच्या "छान"ने चित्राबद्दल काही कळत नाही, आणि त्यांच्या "नंतर"ने उगाच जखम होते.

झाड ओळखणारा माणूस म्हणजे प्राध्यापकच हवा असं नाही. बागेतले माळीमामा, रोपवाटिका चालवणारे काका, गावाकडची आजी, कोणीही चालेल. टाकळ्याचं फुलाशेंगांसकट काढलेलं चित्र मी एकदा मंडईबाहेर रानभाज्या विकणाऱ्या मावशींना दाखवलं. त्यांनी क्षणात ओळखलं आणि नाक मुरडलं: "हा तर जून झाला. ह्याची भाजी कोण खाणार?" टाकळा कोवळा असताना, फुलं यायच्या आधी खुडतात. माझं सूत्र रानभाज्यांचं होतं आणि मी भाजीचं वय गेलेलं झाड काढून बसले होते. मग त्याच कागदाच्या डाव्या कोपऱ्यात कोवळा शेंडा वाढवला.

त्या माणसाला असा निरोप पाठवा: "काका, मी आपल्या भागातल्या सहा झाडांची चित्रं काढली आहेत. रविवारी अकरा वाजता दहा मिनिटं येऊ का? झाड बरोबर उतरलंय का, एवढंच विचारायचं आहे." वेळ ठरलेली, मुदत ठरलेली, प्रश्न ठरलेला. समोरच्यालाही मोकळं वाटतं.

भेटीत तीनच प्रश्न विचारा. नावाची ओळ हाताने झाकून: "हे कोणतं झाड?" ओळखलं तर: "कशावरून ओळखलंत?" आणि शेवटी: "काय खटकतंय?" दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून घ्या. तुमच्या चित्रात काय नीट उतरलंय ते त्यातून कळतं, आणि ते कौतुकापेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतं.

हे टाळा:

"कसं वाटतंय?" असं विचारू नका. त्याला "छान"शिवाय उत्तर नाही.

चित्र पुढे करताना माफी मागू नका. "घाईत काढलंय", "कागद चांगला नव्हता", "मी काही शिकलेली नाही बरं का" ही तीन वाक्यं आपल्याकडे नमस्कारासारखी तोंडात बसली आहेत. ती ऐकली की बघणारा चित्राऐवजी तुमची समजूत काढायला लागतो. चित्र ठेवा, हात मागे घ्या, मनात वीसपर्यंत आकडे मोजा. ते वीस आकडे जड जातात. ज्यांना फारच धडधडतं त्यांनी पहिल्या वेळी एकच चित्र न्यावं.

चूक दाखवली की लगेच कारण सांगू नका. "फांदी सुकली होती" हे खरं असलं तरी समोरचा पुढची चूक सांगायचा थांबतो.

यानंतर आठवड्याभराने चित्रकलेची जाण असलेल्या एखाद्याला भेटा. त्यांना झाडाबद्दल नाही, मांडणीबद्दल विचारा: कागदावर जागा बरोबर सुटली आहे का, उजेड एकाच बाजूने आहे का, पुढचं पान आणि मागचं पान वेगळं वाटतं का.

टप्पा ६: ऐकलेलं वेगळं करा

घरी आल्यावर वहीत चार रकाने आखा: झाड, हात, आवड, बाकी. ऐकलेलं प्रत्येक वाक्य एका रकान्यात टाका, आणि एक दिवस त्या वहीला हात लावू नका.

झाडाबद्दलची चूक (पानं समोरासमोर हवीत) ताडून बघा, आणि खरी असेल तर दुरुस्त करा. हाताबद्दलची सूचना (सावली कोरडी वाटते) दोन वेगवेगळ्या माणसांनी केली तरच मनावर घ्या. आवडीचं वाक्य (मागे निळा रंग दिला असता तर) हसून ऐका आणि सोडा. वनस्पतिचित्राची पार्श्वभूमी कोरी ठेवतात ती कडा स्पष्ट दिसाव्यात म्हणून. हे समजावत बसायची गरज नाही.

"बाकी"च्या रकान्यात गमती जमतात. माझ्या शेजारच्या काकूंना कळलावीची प्रिंट भेट द्यायला गेले, तर त्यांनी ती दारातूनच परत केली. "घरात कळलावी नको गं, भांडणं लागतात." झाडाबद्दलची ही समजूत ऐकून होते, पण ती कागदालाही लागू होते हे नवीन होतं. त्यांना मोगरा दिला.

एक प्रश्न हमखास येतो: "मग फोटोच का नाही काढत?" याचं उत्तर आधीच तयार ठेवा, नाहीतर ऐन वेळी जीभ अडखळते. फोटोत एका क्षणाची एक फांदी येते. तुमच्या कागदावर कळलावीची हिरवट कळी, पिवळं-लाल फूल, पूर्ण लाल झालेलं जुनं फूल आणि फुटलेली शेंग शेजारी शेजारी येतात. झाडावर त्या सगळ्या एका वेळी, एका ठिकाणी, नीट उजेडात क्वचितच सापडतात.

आणि शांतता? निरोप पाठवला, दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. चार रकान्यांत तिला जागा नाही, कारण त्यातून काहीच कळत नाही. पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग दुसरा माणूस शोधा.

टप्पा ७: आठ-दहा माणसं, एक भिंत

आता छोटा गट. निसर्गभ्रमण मंडळ, गावचं वाचनालय, बागप्रेमींची मासिक बैठक. पुण्यात असाल तर जानेवारीतल्या एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात झाडांची जाण असलेली पुष्कळ माणसं एका जागी भेटतात. मोठ्या कलादालनाचा अर्ज इतक्यात नको. भाडं, फ्रेम आणि तारखांची वाट यांतच उत्साह आटतो.

गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडपाशेजारी पत्रींची चित्रं लावणं हा माझा आवडता मार्ग. माका, आघाडा, शमी, मरवा, डोरली ही नावं आरतीला उभ्या असलेल्यांनी ऐकलेली असतात, पण पान ओळखणारे थोडे. लोक चित्राजवळ थांबतात, विकतच्या जुडीतलं पान आणून शेजारी धरतात, "हे आघाडा नाहीच मग!" अशी चर्चा सुरू होते. बोलणं झाडाबद्दल होतं, तुमच्याबद्दल नाही. बुजऱ्या माणसाला याहून सोयीची जागा नाही.

मांडणीचा क्रम: आधी सगळ्यांना समजणारं ओळखीचं पान, मधे अवघड, शेवटी तुमचं सगळ्यात पक्कं चित्र. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला. ओळीची अक्षरं हातभर अंतरावरून वाचता आली पाहिजेत.

सावधान: मंडपात मूळ चित्र लावू नका. दमट हवा, हळद-कुंकू, तळणीच्या मोदकाचे हात. चांगल्या मॅट कागदावर प्रिंट काढा. मूळ चित्र पुढे कधी फ्रेम करायचं असेल तर अ‍ॅसिड-मुक्त माउंट मागा आणि ते थेट उन्हाच्या भिंतीवर टांगू नका. जास्वंद, गुलाब यांच्यासाठी वापरलेला ऑपेरा रोज किंवा अ‍ॅलिझरीन क्रिमसन उजेडात उडतो. रंगाची पट्टी काढून अर्धी झाका, खिडकीत महिना-दोन महिने ठेवा, मग कळेल.

त्या दिवशी तुम्ही चित्रांच्या अगदी शेजारी उभं राहू नका. चार पावलं बाजूला थांबा. चित्रकार शेजारी असला की लोक सभ्य होतात आणि पुढे सरकतात.

टप्पा ८: इंटरनेटवर, आणि सावकाश

इथवर आलेल्या चित्रावर तीन-चार नजरा फिरलेल्या असतात, म्हणून आता अनोळखी माणसाच्या टोचणीने पूर्वीइतकं लागत नाही. सहाही एकदम टाकू नका. आठवड्याला एक. ऋतू सांभाळा: शेवळं जूनच्या पहिल्या पावसात, पळस फाल्गुनात. लोकांना ते झाड त्याच आठवड्यात रस्त्यात दिसतं आणि ते बोलू लागतात.

छोटी प्रतच टाका. सोबत टप्पा ३ मधली ओळ, आणि काढताना काय अडलं त्याबद्दल दोन वाक्यं. पोस्ट केल्यावर लगेच फोन बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी अर्धा तास प्रतिक्रिया बघा. कोणी ओळख चुकल्याचं सांगितलं तर ताडून बघा, खरं असेल तर मूळ ओळ दुरुस्त करून तसं लिहा. चित्र पुसून टाकू नका. रात्री अकरानंतर तर कुठलाच निर्णय नको.

चोरीची भीती अनेकींना थांबवते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढताक्षणी हक्क तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर ६० वर्षं राहतो. पुरावा म्हणून पेन्सिलीचा कच्चा आराखडा, अर्धं रंगवलेलं चित्र यांचे तारखेसह फोटो ठेवा. कोणी उचललंच तर आधी शांतपणे नाव घालायला सांगा; बरेच जण घालतात.

एखाद्या टप्प्यावर अडलात तर मागे जायला लाजू नका. टप्पा ५ वरच वर्षभर रेंगाळलेली, दर महिन्याला एका माळ्याला एक चित्र दाखवणारी एक विद्यार्थिनी माझ्याकडे आहे. तिची पानं आता माझ्यापेक्षा बरोबर असतात.

फेरी पूर्ण झाली की चित्रं पुन्हा सपाट फाइलमध्ये ठेवा, प्रत्येक दोन चित्रांमध्ये बटर पेपर, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्यात त्या महिन्याला बदला. आणि ठेवण्याआधी पाठीमागच्या नोंदीत पेन्सिलीने एक ओळ वाढवा: कोणाला दाखवलं, कधी, काय बदललं.